श्वासाचा जमाखर्च

आमच्या आईने जन्मात विडी ओढली नाही. तरीही दिल्लीतील डॉक्टरांनी तिच्या कागदावर जे नाव लिहिले, ते सामान्यतः धूम्रपान करणाऱ्यांच्याच वाट्याला येते असा आपला समज असतो. सी. ओ. पी. डी. म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या, आणि आत गेलेली हवा धड बाहेर न पडता फुप्फुसांत कोंडून राहिलेली. कारण विचारले तेव्हा डॉक्टरांनी तिलाच उलट प्रश्न केला, "स्वयंपाक कशावर करीत होता?" पस्तीस वर्षे चूल, ओले सरपण, गोवऱ्या आणि फुंकणी! उत्तर त्या प्रश्नातच होते.

औषधाचा फवारा सुरू झाला, पण धाप लागण्याची भीती काही गेली नाही. या विकाराची गोम अशी की, माणूस घाबरला की श्वास जलद होतो. श्वास जलद झाला की उच्छ्वासाला वेळ उरत नाही आणि कोंडलेली हवा वाढते. ती वाढली की धाप आणि भीती दोन्ही वाढतात. अशा रुग्णांना श्वासाकडे केवळ पाहावयास शिकवितात असे कानी आले, आणि ही पद्धत आली कोठून, याचा मी सवडीने शोध घेऊ लागलो.

मूळ अर्थातच पाली ग्रंथांत आहे. मज्झिम निकायातील सतिपट्ठान आणि आनापानसति ही दोन सुत्ते या विद्येचा पाया होत. श्वास लांब असेल तर तो लांब आहे हे जाणावे, आखूड असेल तर आखूड आहे हे जाणावे, असा तेथील प्रारंभीचा उपदेश आहे. श्वास लांब करा अशी आज्ञा तेथे नाही. प्राणायामाची वाट येथे वेगळी होते, आणि धापेच्या रुग्णाच्या दृष्टीने हा भेद फार मोलाचा आहे. आमच्या एका हितचिंतकांनी आईला कुंभक सुचविला होता! ज्याच्या छातीत हवा आधीच अडकलेली आहे, त्याला ती आणखी रोखून धरावयास सांगणे म्हणजे काय, याचा विचार त्यांनी केला नसावा. प्राणायामाला दोष देण्याचा येथे हेतू नाही. लोणावळ्यास 1924 साली कैवल्यधाम स्थापन करून योगक्रिया प्रयोगशाळेत नेणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनीच प्राणायामाची थोरवी प्राणवायूच्या मापात शोधू नये असे बजावले होते. हितचिंतक मंडळी तेवढे वाचीत नाहीत, इतकेच.

पाली 'सति' या शब्दाला 'माइंडफुलनेस' हा इंग्रजी प्रतिशब्द 1881 साली ऱ्हिस डेव्हिड्स यांनी रूढ केला. हे गृहस्थ पूर्वी सिलोनमध्ये सनदी नोकरीत होते. ही विद्या भिक्षूंच्या विहारांतून गृहस्थांच्या घरी आणण्याचे मोठे श्रेय ब्रह्मदेशातील लेडी सयाडो (1846–1923) यांना जाते. त्याच परंपरेत पुढे ऊ बा खिन आले. त्यांच्याविषयी मला विशेष आपुलकी वाटते, याचे कारण वाचकांनी ओळखलेच असेल: ते आमच्याच जातीचे, म्हणजे कारकून! रंगूनच्या महालेखापालांच्या कचेरीत त्यांनी कारकून म्हणून प्रवेश केला, 1937 साली ध्यानाची दीक्षा घेतली, आणि 4 जानेवारी 1948 रोजी, देश स्वतंत्र झाला त्याच दिवशी, ते महालेखापाल झाले. त्यांनी कचेरीतील सहकाऱ्यांनाही ध्यान शिकविले. दिवसभर दुसऱ्यांचा जमाखर्च तपासणाऱ्या माणसाला आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या श्वासाची नोंद ठेवणे सोपे गेले असेल काय? मला तरी वाटते, गेले असावे.

त्यांच्याकडे 1955 साली अर्धशिशीने हैराण झालेले व्यापारी सत्यनारायण गोएंका आले. पुढे भारतात राहणाऱ्या आजारी आईसाठी गोएंका 1969 साली इकडे आले. त्याच वर्षी मुंबईत त्यांचे पहिले शिबिर भरले आणि 1976 साली इगतपुरीचे केंद्र सुरू झाले. तिकडे अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा वर्ग काढला. त्यातून धर्माची परिभाषा त्यांनी वगळली. हा लाभ की हानी, यावर वाद घालणारे घालोत.

फुप्फुसांच्या रुग्णांना याचा उपयोग किती, हे मात्र प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अमेरिकेतील माजी सैनिकांवर केलेल्या आणि 2009 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ध्यानाच्या गटाची धाप नुसत्या गप्पागोष्टींच्या आधारगटापेक्षा कमी झाली नाही. मी ते वाचले तेव्हा खट्टू झालो. पुढे 2018 साली डेन्मार्कमधील चाचणीचे निष्कर्ष आले. तेथे श्वसनाच्या व्यायामवर्गाला ध्यानाची जोड दिली होती; शारीरिक प्रकृतीत विशेष फरक दिसला नाही, परंतु मनाचा त्रास कमी झाला. खराब झालेले फुप्फुस ध्यानाने दुरुस्त होत नाही, आणि फवाऱ्याची जागाही ते घेऊ शकत नाही.

व्यायाम शिकविणाऱ्या बाईंनी आईला ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडावयास सांगितले. "म्हणजे फुंकणीसारखं," आई म्हणाली, आणि पहिल्याच दिवशी तिला ते साधले. ध्यानाला मात्र वेळ लागला.

गेल्या पौषात एका रात्री तीनच्या सुमारास तिला धाप लागली. फवारा देऊन झाला होता. ती गुडघ्यांवर हात टेकून, पुढे वाकून बसली होती. मी विचारले, "आई, आत्ताचा श्वास लांब की आखूड?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आखूडच. पण बघतेय."