परतीचं तिकीट

आषाढात तुकोबांची पालखी सराटीचा मुक्काम आटोपून नीरा ओलांडते आणि अकलूजला येते. पादुकांना नीरास्नान होतं, पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरते, सदाशिवराव माने विद्यालयाच्या मैदानावर गोल रिंगण धावतं. त्या दिवशी गावात रिकामं कुणी नसतं. कुणी पाण्याच्या टँकरपाशी उभा, कुणी चहाच्या पातेल्यापाशी, कुणी एखाद्या म्हाताऱ्या वारकऱ्याच्या पायाला तेल लावतोय. ‘तू स्वयंसेवक आहेस का रे?’ असं त्यातल्या एखाद्या पोराला विचारलं तर तो बावचळेल. पालखी दारात आली आहे, करायला नको का?

हाच पोरगा रात्री मोबाइलवर जाहिरात बघतो: सहा आठवडे परदेशात, तिथल्या शाळेत मुलांना शिकवा, जगभरचे मित्र जोडा. फी इतकी, विमानाचं भाडं वेगळं, शेवटी सर्टिफिकेट. फॉर्ममध्ये एक प्रश्न हटकून असतो, यातून तुम्हाला काय मिळवायचं आहे? सेवेला जाणाऱ्याला हा प्रश्न कधीपासून विचारला जाऊ लागला, याचा माग काढताना मी बराच मागे गेलो. तिथे शाळा नव्हती. खंदक होते आणि ॲम्ब्युलन्स होत्या.

१९१५ साली, पहिलं महायुद्ध पेटलेलं असताना, अमेरिकन तरुण फ्रान्समध्ये जखमी सैनिकांच्या गाड्या हाकू लागले. ए. पायट अँड्र्यू यांनी उभी केलेली ही ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’. दुसऱ्या महायुद्धातही तिचे ड्रायव्हर गेले, अगदी ब्रह्मदेशाच्या आघाडीपर्यंत. युद्ध संपल्यावर याच माणसांनी ठरवलं की आता जखमी नको, शाळकरी मुलं इकडून तिकडे न्यायची. १९४७ पासून ती परक्या देशात परक्या कुटुंबात राहू लागली. आज ‘एक्स्चेंज’ म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं, त्यातलं बरंच या ड्रायव्हरांनी घडवलेलं.

दुसरी वाट पिएर सेरेझोल या स्विस इंजिनिअरची. युद्धाला विरोध म्हणून लष्करी कर भरायचं नाकारून तुरुंगात गेलेला हा माणूस. १९२०च्या हिवाळ्यात मूठभर सोबती घेऊन तो व्हर्दूनजवळच्या एन गावात गेला आणि तोफांनी उद्ध्वस्त झालेली घरं पुन्हा उभी करू लागला. सोबत्यांत जर्मनही होते. ज्यांनी पाडलं त्यांच्यातलेच बांधायला आले, हे सगळ्यांना कसं रुचावं? काही महिन्यांत त्यांना तिथून निघावं लागलं. पण या फसलेल्या शिबिरातून ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ जन्मली. परक्या देशात जायचं, फावडं घ्यायचं, मोबदला मागायचा नाही, ही रीत तिथली.

ही रीत आपल्याकडे आली ती भूकंपामागून. १५ जानेवारी १९३४ला बिहार हादरला. सेरेझोल स्वतः आला आणि सोबत्यांसह गावं नव्याने वसवण्याच्या कामात राबला. १९५०च्या दशकात याच संस्थेचे देशोदेशींचे तरुण वरोऱ्याजवळ आनंदवनात येऊन राहिले आणि बाबा आमट्यांच्या कुष्ठमुक्तांसोबत इमारती बांधू लागले. वरोऱ्याचे लोक ज्या आवाराकडे पाठ फिरवत, तिथे गोरी पोरं विटा वाहताहेत हे बघायला गाव लोटलं नसतं तरच नवल. पुढे १९६७ पासून बाबांच्या सोमनाथ प्रकल्पावर त्यांची श्रमसंस्कार छावणी भरू लागली आणि १९६९च्या २४ सप्टेंबरला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. अकलूजच्या कॉलेजातला मुलगा ज्या ‘एनएसएस’च्या कॅम्पला जातो, तिथल्या श्रमदानाचं नातं पालखीच्या चहाशी जितकं, तितकंच एनच्या विटांशीही लावता येतं.

बाकीच्या शाखा चटकन सांगून टाकतो. १९४८ साली विद्यार्थ्यांची ‘आयसेक’ ही संघटना निघाली. १९५८ साली ब्रिटनमध्ये ॲलेक डिक्सन यांनी नुकतीच शाळा संपवलेली मुलं परदेशी धाडली. १९६१ साली केनेडींची पीस कोअर आली आणि तिचे तरुण १९७६ पर्यंत भारतात येत राहिले. त्यांच्यात विक्रोळीला आलेल्या एक बाई अडुसष्ट वर्षांच्या होत्या: लिलियन कार्टर, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या आई. ‘तरुण’ या शब्दाची व्याख्या त्यांना कुणी विचारली नसावी.

रोटरीचं एक्स्चेंज मात्र आपल्या तालुक्याच्या गावांना सगळ्यात जवळचं. इथला मुलगा वर्षभर तिकडच्या घरात, तिकडची मुलगी इथल्या घरात. जुन्या माणसांना हे समजावून सांगायला एकच शब्द पुरतो, साटंलोटं. फरक इतकाच की या साट्यालोट्यात दोन्हीकडची माणसं वर्षाने आपापल्या घरी परततात.

ही परतीची हमी मला या सगळ्या व्यवस्थेचं खरं मर्म वाटते. जाण्याची हौस माणसाला पहिल्यापासून आहे, संस्थांनी बांधून दिलं ते येणं. तारीख ठरलेली, तिकीट हातात, आई-वडिलांच्या जिवाला घोर नाही. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. स्वतःच्या मुलीला पाठवायची वेळ आली तर मीही आधी परतीचं तिकीटच बघेन. पण ते हातात असलं की ‘तुम्हाला काय मिळवायचं आहे’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

अकलूजपासून शंभरेक किलोमीटरवर, सोलापुरात स्टेशनपासून जवळच, भय्या चौकात एक घर आहे. १० ऑक्टोबर १९१०ला द्वारकानाथ कोटणीस सोलापुरात जन्मले, ते या घरचे. मुंबईच्या शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले, पुढच्या शिक्षणाच्या तयारीत होते. जपानने चीनवर आक्रमण केलं होतं. चिनी सेनानी जू दे यांनी नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर मागितले. काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषबाबू. त्यांनी आवाहन केलं आणि लोकवर्गणीतून पैसा, औषधं नि एक ॲम्ब्युलन्स उभी राहिली. पुन्हा ॲम्ब्युलन्सच! फरक हा की ही पाठवणारा देश स्वतः पारतंत्र्यात होता. बिहारच्या ढिगाऱ्यात परदेशी माणसं राबायला आली, त्याला चारच वर्षं झाली होती.

१ सप्टेंबर १९३८ला मुंबईहून ‘राजपुताना’ बोट सुटली. पाच डॉक्टर होते. स्पेनच्या युद्धात काम करून आलेले अटल प्रमुख, नागपूरचे चोळकर, बंगालचे बसू, मुखर्जी आणि अठ्ठावीस वर्षांच्या आतले कोटणीस. १९३९च्या आरंभी ते येनानला पोचले. तिथून पुढे कोटणीस लढाईच्या मागोमाग हिंडत शस्त्रक्रिया करू लागले, चिनी बोलायला शिकले, चिनी डॉक्टर-नर्सना शिकवू लागले. सोलापूरला वडील वारले तेव्हाही ते चीनमध्येच होते. कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथून नोव्हेंबर १९३९मध्ये जंतुसंसर्गाने गेले होते. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे कोटणीस १९४१मध्ये संचालक झाले. त्याच वर्षी तिथल्या नर्सिंगच्या शिक्षिका ग्वो चिंगलान यांच्याशी त्यांचं लग्न झालं. ऑगस्ट १९४२मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं इनहुआ. ‘इन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन.

९ डिसेंबर १९४२ला कोटणीस अपस्माराच्या झटक्यांनी गेले. वय बत्तीस. बाकीचे चौघे मायदेशी परतले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी पुस्तक लिहिलं त्याच्या नावातच एकाचं न परतणं आहे, त्यावरून व्ही. शांतारामांनी १९४६ साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला. सिनेमाने त्यांना घराघरांत नेलं खरं, पण त्यांचा पुतळाही केला. एक्स्चेंजच्या इंटरव्ह्यूला जाणारा मुलगा गांधी, मंडेला यांची नावं पाठ करून जातो, आपल्याच जिल्ह्यातला हा माणूस त्याला आठवत नाही.

सरकारांना मात्र तो आठवतो. २००६ साली चीनचे अध्यक्ष हू जिंताव भारतात आले तेव्हा त्यांनी दोन देशांच्या मैत्रीखातर पाच वर्षांत पाचशे भारतीय तरुणांना चीनला येण्याचं निमंत्रण दिलं. शंभरेक तरुणांची शिष्टमंडळं जाऊ लागली. ठरलेला कार्यक्रम, ठरलेले फोटो, ठरलेलं परतणं.

इनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७मध्ये, ऐन पंचविशीत, वारला. ग्वो चिंगलान ९६ वर्षांच्या होऊन २०१२मध्ये गेल्या. नवऱ्याच्या माघारी त्या सासरच्या माणसांना भेटायला भारतात आल्या, एकदा नव्हे, अनेकदा.