रक्तात राहिलेली नोंद

हिर्डोशी खोऱ्यात, नीरा देवघरच्या फुगवट्याकाठच्या एखाद्या वाडीत भर पावसात कुणी तापाने फणफणला आणि दवाखाना न गाठताच बरा झाला, तर सरकारी आकड्यांत त्याचा ताप कुठेच लागत नाही. रक्तात मात्र प्रतिपिंडं उरतात. त्यांच्यावरून साथीचा माग काढण्याची रीत पुण्यात जुनी आहे.

1952 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी पुण्यात विषाणू संशोधन केंद्र उभारलं. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. आफ्रिकेत पीतज्वरावर काम केलेले स्मिथबर्न इथे आले आणि त्यांनी केर व गटणे या सहकाऱ्यांसह देशातल्या गावोगावच्या माणसांची रक्तद्रव्यं तपासली. रक्तद्रव्यात विषाणू मिसळून ते उंदरांना टोचायचं; उंदीर जगले, तर त्या माणसाच्या रक्तात प्रतिपिंडं आहेत. 1954 मध्ये निष्कर्ष छापून आले. काही नमुन्यांत झिका विषाणूचीही प्रतिपिंडं दिसली होती. पण डेंग्यूची प्रतिपिंडं झिकाच्या चाचणीतही फसवू शकतात, म्हणून तो पुरावा जपूनच वाचावा लागतो. महाराष्ट्रात झिकाचा पहिला रुग्ण नोंदला गेला तो 2021 मध्ये, पुरंदरच्या बेलसरला.

मे 2020 मध्ये याच संस्थेने करोनासाठी ‘कवच’ ही एलायझा चाचणी तयार केली. अशा चाचण्यांना उंदीर लागत नाहीत आणि हजारो नमुने झटपट तपासता येतात. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये पुणे शहराच्या पाच प्रभागांत 1,664 जणांचं रक्त तपासलं, तेव्हा 51.5 टक्क्यांत प्रतिपिंडं सापडली. त्यांपैकी लोहियानगर-कासेवाडीत हे प्रमाण 65.4 टक्के होतं. सामायिक संडास वापरणाऱ्यांत ते स्वतःचा संडास असणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं. रुग्णांच्या यादीतून घराघरातला हा फरक दिसला नसता. मला या सगळ्या आकड्यांत तोच सर्वात मोलाचा वाटतो.

माग माणसांपाशीच थांबत नाही. मार्च 2020 मध्ये महाबळेश्वरच्या गुहेत पकडलेल्या वटवाघळांत निपाहची प्रतिपिंडं आढळली. हिर्डोशीच्या दक्षिणेला, सह्याद्रीच्या याच रांगेतलं हे ठिकाण. तेव्हा पुढची पाहणी शहरातल्या प्रभागांइतकीच या वाड्यांतही व्हायला हवी, आणि ज्याचं रक्त घेतलं त्याला त्याचा निकाल घरपोच सांगायला हवा.