आदण (गुऱ्हाळातील)

गुऱ्हाळावर एका वेळी काहिलीत ओतून आटवला जाणारा उसाचा रस म्हणजे एक आदण. पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यातील केडगाव, यवत, पाटस या पट्ट्यात आणि शिरूरच्या भीमा-घोडकाठी गुऱ्हाळे चालतात. दिवसभरात एकामागून एक आदणे उतरतात. प्रत्येकाची ढेप आधीच्या ढेपेसारखी बसवणे हे गूळ तयार करणाऱ्या गुळव्याचे खरे कसब.

आदणाआदणांतला फरक बहुतेक वेळा फडातूनच येतो. ऊस तोडून दिवसभराहून अधिक पडून राहिला की त्यातील साखरेचे विघटन होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज वाढते आणि गूळ चिकट होतो; मग चुलवाणावर कितीही राबले तरी ढेप घट्ट बसत नाही. कालव्याखालच्या खारवट, चोपण जमिनीतील उसाचा गूळ खारट लागतो, काळपट दिसतो व हवेतील ओल ओढतो. म्हणून अशा फडाचा रस गोड जमिनीच्या रसात न मिसळता त्याचे आदण वेगळे लावणे श्रेयस्कर. को 86032 (नीरा) या वाणाचा गूळ चांगला होतो.

रस तापू लागला की रानभेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणतात व काढतात. रसाचा आम्लपणा चुन्याच्या निवळीने कमी करतात. चुना जास्त झाला तर रंग गडद होतो. यापुढे सारा खेळ उतरवण्याच्या क्षणाचा. काकवी साधारण 105–106 अंश सेल्सिअसला, ढेपेचा गूळ 118 च्या आसपास, तर पावडरीसाठीचा पाक 120–122 ला उतरवतात. गुळव्या हा क्षण थंड पाण्यात पाकाचे थेंब टाकून, त्यांची गोळी वळून ओळखतो. त्याची नजर तयार असतेच, पण चुलवाणात जाळ घालणाऱ्या जळव्याने चिपाड कमीजास्त सारले की जाळ बदलतो, आणि आच बदलली की अनुभवी हातही चुकतो. काहिलीला तापमापक लावणे हा त्या कसबाचा अपमान नव्हे, आधार आहे.

बाजार पिवळ्याधमक रंगाला भाव देतो, म्हणून काही ठिकाणी हायड्रोस पावडर टाकतात; तिच्यातून गुळात सल्फर डायऑक्साइड उतरतो. भारतीय अन्नसुरक्षा नियमांत गुळातील सल्फर डायऑक्साइडची मर्यादा किलोमागे 70 मिलिग्रॅम आहे. असा रंग टिकतही नाही: साठवणीत तो पुन्हा काळवंडतो आणि सारखी वाटणारी आदणे आपापला मूळ रंग दाखवू लागतात.