७८ फेऱ्यांचा हिशेब

चावीच्या ग्रामोफोनची पेटी उघडली की मखमल लावलेल्या थाळीच्या बाजूस एक लहानसा खटका, किंवा काही यंत्रांत एक स्क्रू, दृष्टीस पडतो. त्याच्याजवळ कोठे ‘फास्ट’ व ‘स्लो’ अशी अक्षरे कोरलेली असतात, तर कोठे ७० पासून पुढचे आकडे. बहुतेक घरांत हा खटका एकदा बसवला तो बसवलाच. मुलांचा हात तिकडे वळला की वडीलधारी माणसे दटावीत. परंतु तो मुळात तेथे का ठेवला गेला, याचा इतिहास पाहू गेल्यास आपण थेट आपल्या जुन्या गायक-गायिकांच्या खऱ्या आवाजापाशी येऊन पोचतो.

ग्रामोफोनचा जनक एमिल बर्लिनर हा १८५१ साली हॅनोव्हर येथे एका ज्यू कुटुंबात जन्मला व तरुणपणी अमेरिकेस गेला. सपाट तबकडीच्या यंत्राचे पेटंट त्याने १८८७ साली मिळविले. त्याची आरंभीची यंत्रे हाताने दांडा फिरवून चालवावी लागत. हात थकला की गाणारा सुरातून खाली घसरे आणि हातास जोर आला की वर चढे! १८९६ साली कॅम्डेन येथील कुशल यंत्रकार एल्ड्रिज जॉन्सन याने या यंत्रास कमानीची मोटार जोडून दिली. तथापि कमानीचाही एक स्वभाव असतो. चावी पूर्ण भरलेली असताना ती जोराने ओढते व उलगडत आली की ढिली पडते. तिचा हा लहरीपणा आवरण्याचे काम गव्हर्नर नावाचा भाग करतो आणि आपला खटका त्याच्याशीच जोडलेला असतो.

थाळीच्या खाली, यंत्राच्या पोटात, एक बारीक दांडी अतिशय वेगाने फिरत असते. तिच्याभोवती तीन पातळ पोलादी पट्ट्या असून प्रत्येक पट्टीच्या मध्यावर धातूचा एक गोळा बसवलेला असतो. वेग वाढला की गोळे बाहेरच्या बाजूस फेकले जातात, पट्ट्या धनुष्यासारख्या वाकतात, आणि दांडीवर सरकणारी एक चकती ओढली जाऊन चामड्याच्या लहानशा तुकड्यावर घासू लागते. घर्षणाने वेग आवरला जातो. वेग घटताच चकती मोकळी होते. खटका एवढेच करतो की, हा चामड्याचा तुकडा चकतीजवळ आणतो अथवा तिच्यापासून दूर नेतो. तो दूर गेला म्हणजे चकती त्यास टेकण्यापूर्वी गोळ्यांना अधिक पसरावे लागते, अर्थात थाळी अधिक वेगाने फिरते. हे चामडे कोरडे पडले, किंवा तीनपैकी एखादी पट्टी ढिली झाली, तर सूर थरथरतो. जुन्या तबकड्यांवर ढकलला जाणारा कितीतरी दोष वस्तुतः तेलाच्या एका थेंबाअभावी उद्भवलेला असतो.

वेग बदलण्याची ही सोय द्यावी लागली याचे कारण असे की, तबकड्यांच्या वेगाविषयी कंपन्यांत एकवाक्यता नव्हती. मिनिटास ७८ फेरे हे प्रमाण विजेवरील ध्वनिमुद्रण सुरू झाल्यानंतर, म्हणजे १९२५ च्या सुमारापासून, हळूहळू रूढ झाले. त्यापूर्वीच्या तबकड्या ७० च्या आसपासपासून ८० च्या पलीकडेपर्यंत कोणत्याही वेगाने भरलेल्या आढळतात. कोलंबिया कंपनी पुष्कळ काळ ८० हा आकडा धरून होती. फ्रान्सच्या पाथे कंपनीच्या तबकड्या तर ९० किंवा त्याहूनही अधिक फेऱ्यांच्या असत. मुद्रकास थोडा अधिक वेळ हवा असला तर तो यंत्र हळू ठेवी. ७८ फेऱ्यांनी ३ मिनिटांत संपणारी तबकडी ७० फेऱ्यांनी ३ मिनिटे २० सेकंद चालते, आणि ख्याल गाणाऱ्यास ते २० सेकंद थोडे नव्हेत.

आता या फरकाचा परिणाम पाहा. वेग सुमारे ६ टक्क्यांनी बदलला की सूर अर्ध्या स्वराने सरकतो. म्हणजे ७८ ऐवजी साडेब्याऐंशी फेऱ्यांनी थाळी फिरली, तर काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो. शिवाय लयही तेवढीच चढते. पाश्चात्त्य संगीताच्या बाबतीत याचा पडताळा घेणे तुलनेने सोपे असते. १९०२ च्या एप्रिलमध्ये मिलान येथे फ्रेड गेसबर्ग याने कारुसोचे गाणे मुद्रित केले, तेव्हा त्या गाण्यांची पट्टी संगीतकारांनी कागदावर लिहूनच ठेवली होती. तबकडीतील सूर त्या पट्टीशी जुळवला की वेग सापडतो. त्याच वर्षाच्या अखेरीस हाच गेसबर्ग कलकत्त्यास उतरला आणि त्याने गौहरजान हिचे गायन मुद्रित केले. परंतु आपल्याकडे षड्ज ज्याचा त्याने निवडावयाचा! तो कागदावर कोठेही लिहिलेला नाही.

साथीस हार्मोनियम असेल तर काही आधार मिळतो. गायकाचा षड्ज दोन पट्ट्यांच्या मधोमध लोंबकळत असेल तर वेग चुकला असे बहुधा समजावे. परंतु पट्टी नेमकी कोणती, हे हार्मोनियम सांगत नाही. आणि जुन्या पेट्याही एकमेकींशी तंतोतंत जुळत नसत. म्हणून एकाच गायकाच्या, एकाच बैठकीतील अनेक तबकड्या शेजारी ठेवून कानाने निर्णय करावा लागतो.

भाऊराव कोल्हटकर १९०१ च्या आरंभी निवर्तले. गेसबर्गचे यंत्र हिंदुस्थानात आले ते त्यानंतर, त्यामुळे त्या आवाजाविषयी आपण केवळ वाचू शकतो. बालगंधर्वांचा (१८८८–१९६७) आवाज मात्र तबकडीवर उतरला. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषाचा तो मृदू गळा पाच फेरे अधिक वेगाने वाजवला, तर त्यातील पुरुषपण पातळ होऊन भलताच गळा ऐकू येतो. उलट आग्र्याच्या जोहराबाई (मृत्यू १९१३) यांचा भारदस्त, काहीसा पुरुषी आवाज प्रसिद्ध आहे. तो जलद वाजवणे म्हणजे त्यांचे वैशिष्ट्यच हिरावून घेणे होय. आज संगणकावर या गाण्यांच्या ज्या प्रती ऐकावयास मिळतात, त्यांतील कित्येक सरसकट ७८ धरून उतरवलेल्या असतात. ज्यांनी अशा प्रतींवरून कोणा गायकाच्या पट्टीविषयी ठाम विधाने केली आहेत, त्यांचा उत्साह मला थोडा अकाली वाटतो.

ज्या वाचकांपाशी चालू स्थितीतील यंत्र असेल, त्यांनी तबकडीखाली कागदाची एक चिठ्ठी दाबून ठेवावी आणि घड्याळ पाहून मिनिटातील फेरे मोजावेत. मात्र पिन तबकडीवर टेकलेली असतानाच मोजावे, कारण पिनेच्या ओढीने वेग घटतो. चावी प्रत्येक बाजूस पूर्ण द्यावी. याहून सोपा उपाय म्हणजे काळ्या रेषांची वर्तुळाकार चकती. येथेही भारताप्रमाणे विजेचा प्रवाह ५० सायकलचा असल्याने ७७ रेषांची चकती घ्यावी. निऑनच्या लहान दिव्याखाली रेषा स्थिर दिसल्या की वेग ७७.९२ झाला असे समजावे. अमेरिकेत ६० सायकलमुळे ९२ रेषा लागतात व वेग ७८.२६ येतो. हल्लीच्या एल.ई.डी. दिव्यांपैकी पुष्कळ या कामी निरुपयोगी ठरतात.

गौहरजानच्या तबकडीस मात्र ही चकती पुरत नाही. तेथे दुसरी एक खूण आहे. गाणे संपताच ती इंग्रजीत स्वतःचे नाव सांगते. तबकड्या हॅनोव्हरच्या कारखान्यात छापल्या जात आणि तेथील कारागिरांस गायिका ओळखता यावी म्हणून ही पद्धत होती, असे सांगतात. बोलणारा आवाज नैसर्गिक आहे की बाहुलीसारखा, हे सामान्य कानासही कळते. तेव्हा पिन प्रथम शेवटच्या भागावर ठेवावी, ते चार शब्द एखाद्या जिवंत स्त्रीने उच्चारल्यासारखे वाटेपर्यंत खटका हळूहळू सरकवावा, आणि मग पिन उचलून गाण्याच्या आरंभी न्यावी.