मिरजेतील तंतुवाद्य निर्मिती : शिकलगारांपासून सतारमेकरांपर्यंत - एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात हिंदुस्थानी संगीताला महत्त्वाचे स्थान आहे. घराणी, गायक, गुरुपरंपरा, संगीत नाटक आणि संगीत विद्यालये यांविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. मात्र ज्या वाद्याच्या साथीशिवाय गायकाचा पहिला षड्जही लागत नाही, ते वाद्य घडविणाऱ्या कारागिराकडे इतिहास लेखनाचे फारसे लक्ष गेलेले नाही. मैफलीच्या वर्णनात गायकाच्या मागे झंकारणाऱ्या तानपुऱ्यांचा उल्लेख येतो, परंतु ते कोणी घडविले हे क्वचितच सांगितले जाते.

सांगली जिल्ह्यातील मिरज हे शहर सतार व तानपुरा यांच्या निर्मितीसाठी देशभर प्रसिद्ध आहे. येथील हस्तव्यवसायाला सुमारे पावणेदोनशे वर्षांची परंपरा आहे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. त्यामुळे या व्यवसायाचा इतिहास नव्याने तपासण्याची गरज निर्माण झाली आहे. मिरजेचा कारागीर हा संगीताचा केवळ सेवेकरी नसून संगीताच्या नादरूपाचा सहनिर्माता आहे, हे प्रस्तुत शोधनिबंधाचे मुख्य प्रतिपादन होय.

अभ्यासाची उद्दिष्टे :

1. मिरजेतील तंतुवाद्य निर्मितीच्या उदयाची ऐतिहासिक कारणे शोधणे.
2. निर्मिती प्रक्रियेतील हस्तकौशल्याचे स्वरूप स्पष्ट करणे.
3. संगीत परंपरा व कारागीर यांतील परस्परसंबंधांचा अभ्यास करणे.
4. व्यवसायापुढील आजच्या प्रश्नांचा इतिहासाच्या संदर्भात विचार करणे.

राजकीय व सामाजिक पार्श्वभूमी :

कृष्णा खोऱ्यातील मिरज हे मध्ययुगापासून भुईकोट किल्ल्याचे आणि लष्करी हालचालींचे ठाणे होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पेशव्यांचे सरदार पटवर्धन यांच्याकडे मिरजेचा कारभार आला. पटवर्धनांची फौज ही मराठी सत्तेच्या दक्षिणेकडील मोहिमांतील महत्त्वाची फौज होती. जेथे फौज असते तेथे फौजेवर जगणारे कारागीरही असतात. लोहार, जिनगर, तांबट यांच्याप्रमाणेच शिकलगार हा त्यांतील एक वर्ग होय. तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावणे, त्यांचा गंज काढणे व त्यांना झिलई देणे हे शिकलगारांचे काम होते.

1818 मध्ये पेशवाई संपुष्टात आली. दक्षिणेतील जहागीरदार इंग्रजांच्या वर्चस्वाखाली आले, मोहिमा थांबल्या आणि फौजा घटल्या. सरदार घराणी संस्थानिक म्हणून टिकली, पण त्यांच्या तलवारी हळूहळू मिरवणुकीच्या व दसऱ्याच्या पूजेच्या वस्तू बनल्या. शस्त्रांची मागणी आटल्यावर शस्त्रांवर पोट असणाऱ्यांपुढे उपजीविकेचा प्रश्न उभा राहणे स्वाभाविक होते. सत्तांतराचा इतिहास लिहिताना तह, खालसा झालेले मुलूख आणि तनखे यांची चर्चा होते. परंतु शिकलगाराच्या सहाणेवरचे काम बंद पडणे हाही त्याच सत्तांतराचा एक परिणाम आहे.

याच काळात संस्थानी दरबारांचा खर्च फौजेकडून कलांकडे वळू लागला. गवई, बीनकार, कीर्तनकार यांना आश्रय मिळू लागला. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांना संगीताची आवड होती. उत्तरेतून येणाऱ्या कलावंतांची वाद्ये लांबच्या प्रवासात नादुरुस्त होत आणि ती दुरुस्त करणारा जाणकार जवळपास मिळत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेतील शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी वाद्य दुरुस्तीचे काम हाती घेतले व त्यातून ते स्वतंत्र वाद्य निर्मितीकडे वळले, अशी परंपरा आहे. पुढे या व्यवसायातील कुटुंबांनी 'सतारमेकर' हे आडनाव धारण केले. फारसी वळणाचे 'शिकलगार' जाऊन त्याजागी 'सतार' आणि इंग्रजी 'मेकर' यांचा जोड यावा, यात एका समाजगटाच्या व्यवसायांतराची आणि बदललेल्या काळाची नोंद दिसून येते. ज्या वस्तीत ही कुटुंबे काम करतात ती 'सतारमेकर गल्ली' म्हणून ओळखली जाते.

धार ते जवारी : कौशल्याचे संक्रमण

शस्त्रांकडून वाद्यांकडे झालेले हे स्थित्यंतर वरकरणी आश्चर्यकारक वाटते. परंतु निर्मिती प्रक्रिया पाहिली असता त्यामागील सातत्य लक्षात येते.

सतार व तानपुऱ्याचा भोपळा हा कडू जातीचा, जाड सालीचा असतो. पंढरपूर परिसरात त्याची लागवड होते. भोपळ्याचा आकार वेलीवरच ठरत असल्याने त्याला वाढताना जपावे लागते. तो पूर्ण वाळल्यावर कारागिराकडे येतो. मग तो पाण्यात भिजवून मऊ करतात, कापतात, आतील गर व बिया काढून साफ करतात आणि हव्या त्या आकारात पुन्हा सुकवितात. त्याला तुणीच्या लाकडाचा गळा व पोकळ दांडी जोडतात. भोपळ्याच्या तोंडावर तबली बसते. सांधे सरसाने पक्के होतात. त्यानंतर खुंट्या, नक्षीकाम आणि लाखेचे पॉलिश होते. ही सर्व कामे प्रामुख्याने हाताने केली जातात. प्रत्येक भोपळा वेगळा असल्याने साचा उपयोगी पडत नाही. लाकडाची जाडी किती ठेवावी हे कारागीर बोटांनी चाचपून व टिचकी मारून ठरवितो.

तथापि वाद्याचा खरा कस जवारीत लागतो. तबलीवरील घोडीचा वरचा पृष्ठभाग सपाट नसून किंचित उताराचा असतो. तार छेडल्यावर ती या उतारावर अलगद घासत राहते आणि नाद भरीव, दीर्घ व झंकारयुक्त होतो. हा उतार कानशीने घासून साधण्याच्या क्रियेस 'जवारी काढणे' म्हणतात. तानपुऱ्यात तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून तो नाद अधिक खुलविला जातो. घोडी थोडी अधिक घासली गेली तर नाद बोथट होतो, कमी घासली गेली तर तो कोता राहतो. जवारी उत्तम असेल तर खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो. गायक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

शस्त्राला धार लावणाऱ्याला पात्याचा सूक्ष्म उतार बोटांना जाणवावा लागतो. जवारी काढणाऱ्यालाही घोडीचा तसाच सूक्ष्म उतार साधावा लागतो. हत्यार कानशीचे, हालचाल घासण्याची आणि अचूकता केसाएवढी. फरक एवढाच की पूर्वी परीक्षा पात्याच्या धारेची होती, आता ती कानाची झाली. शिकलगारांच्या हाताला ही कला तुलनेने लवकर साधली असावी, असे अनुमान यावरून करता येते.

या कौशल्याचे शास्त्रीय महत्त्व विज्ञानाच्याही लक्षात आले. सर चं. व्यं. रामन यांनी 1921 मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील आपल्या निबंधात वीणा व तानपुरा यांच्या घोडीच्या रचनेचा विचार केला. तार ज्या बिंदूवर छेडली जाते तेथे निस्पंद असणारे उपस्वर ऐकू येऊ नयेत, हा ध्वनिशास्त्रातील प्रस्थापित नियम. या वाद्यांत मात्र असे उपस्वरही ऐकू येतात, हे त्यांनी दाखवून दिले. भौतिकशास्त्राने ज्याची दखल विसाव्या शतकात घेतली, ते देशातील वाद्यकारांचे हात पिढ्यान्‌पिढ्या करीत आले होते.

गायक आणि कारागीर :

मिरजेच्या व्यवसायाची वाढ तेथील संगीत जीवनापासून वेगळी काढता येत नाही. ग्वाल्हेर गायकी महाराष्ट्रात रुजविणारे पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (1849-1926) यांचे वास्तव्य मिरजेत होते. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी येथेच त्यांच्याकडे संगीताचे शिक्षण घेतले. 1896 मध्ये त्यांनी मिरज सोडले आणि 1901 मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. संगीत शिक्षण दरबारातून विद्यालयात आल्याने वाद्यांची गरज मध्यमवर्गीय घरांपर्यंत पोहोचली. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या 'शाकुंतल'ने संगीत रंगभूमीचे नवे पर्व सुरू केले होते. त्यामुळेही संगीताचा श्रोतृवर्ग विस्तारला. 1891 मध्ये मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला. मिरज हे रेल्वेचे महत्त्वाचे जंक्शन बनले आणि भोपळ्यासारखा नाजूक माल दूरवर पाठविणे शक्य झाले.

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (1872-1937) यांचा मिरजेशी असलेला संबंध विशेष महत्त्वाचा आहे. ते मिरजेत स्थायिक झाले आणि निधनानंतर त्यांचे दफन येथील ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या परिसरात झाले. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते. खाँसाहेब स्वतः बीन वाजवीत आणि वाद्यांच्या दुरुस्तीतही निष्णात होते. स्वराच्या सूक्ष्मतेवर भर देणाऱ्या त्यांच्या गायकीला तानपुऱ्याच्या निर्दोष जुळणीची नितांत गरज होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. देवल व इंग्रज अधिकारी ई. क्लेमंट्स यांच्या श्रुतिविषयक प्रयोगांत खाँसाहेबांचा सहभाग होता. या चर्चांत गायक आहेत, अभ्यासक आहेत, अधिकारी आहेत. ज्यांच्या वाद्यांवर श्रुती पारखल्या जात होत्या ते कारागीर मात्र अनामिक आहेत.

येथे कारागीर व गायक यांच्यातील नाते एकतर्फी नव्हते. गायकाने 'जवारी जरा उघडी हवी' किंवा 'नाद गोल हवा' असे सांगावे आणि कारागिराने त्याचे कानशीच्या घासण्यात रूपांतर करावे, अशी ही देवाणघेवाण होती. पुरुष गायकांसाठी मोठ्या भोपळ्याचा मर्दानी तानपुरा आणि स्त्री गायिकांसाठी लहान आकाराचा जनानी तानपुरा हे प्रकार याच गरजेतून स्थिर झाले. विसाव्या शतकात स्त्रिया मैफलीच्या व्यासपीठावर येऊ लागल्या, या सामाजिक परिवर्तनाची खूण वाद्याच्या मापातही उमटलेली दिसते.

विशेष म्हणजे व्यवसाय प्रामुख्याने मुस्लिम कुटुंबांच्या हाती, आश्रयदाते ब्राह्मण संस्थानिक, भोपळा पिकविणारा भीमाकाठचा शेतकरी आणि वाद्य वापरणारे सर्व धर्मांचे कलावंत, असे या व्यवसायाचे स्वरूप आहे. भजनाची वीणा आणि दर्ग्यातील मैफलीचा तानपुरा एकाच गल्लीत तयार होतात.

बदलता काळ व समस्या :

1948 मध्ये मिरज संस्थान विलीन झाले आणि राजाश्रय संपला. तथापि विद्यालये, आकाशवाणी आणि संगीत महोत्सव यांनी व्यवसायाला आधार दिला. 1960 च्या दशकात पं. रविशंकर यांच्यामुळे सतारीला पाश्चात्त्य देशांत लोकप्रियता लाभली व परदेशी मागणीचे नवे दालन उघडले.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे व त्यातील नंतरच्या दुरुस्त्यांमुळे हस्तिदंत व सांबरशिंग यांचा वापर बंद झाला. घोडी व नक्षी यांसाठी कारागिरांना हाड, आबनूस व कृत्रिम पदार्थांकडे वळावे लागले. प्रत्येक पदार्थाची झीज वेगळी असल्याने जवारीचे तंत्र नव्याने बसवावे लागले. कायदा योग्यच होता; परंतु त्याला अनुरूप होण्याची किंमत कारागिराने स्वतःच्या कष्टाने चुकती केली, हेही नोंदविले पाहिजे.

1980 च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तानपुरा बाजारात आला आणि पुढे भ्रमणध्वनीवरही तानपुरा उपलब्ध झाला. प्रवासाला सोयीचा व जुळणीची कटकट नसलेला हा पर्याय रियाजासाठी घरोघरी रूढ झाला. याचा परिणाम केवळ विक्रीवर होत नाही. वाद्य जुळविणारे विद्यार्थी कमी झाले की उत्तम जवारी ओळखणारे कानही कमी होतात. आणि ओळखणारे कान नसतील तर उत्तम जवारी काढण्याचे कारण उरत नाही. कारागिराच्या मुलाने दीर्घ उमेदवारीपेक्षा नियमित पगाराची नोकरी निवडली तर त्याला दोष देता येत नाही.

भौगोलिक मानांकनामुळे मिरजेच्या नावाला कायदेशीर संरक्षण मिळाले, ही स्वागतार्ह बाब आहे. मात्र मानांकन स्थळाच्या नावाचे रक्षण करते, हाताच्या कौशल्याचे नव्हे. ते कौशल्य वडिलांकडून मुलाकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडे, ऐकण्यातून व करण्यातून जाते. ती साखळी एका पिढीत तुटली तर कोणतेही प्रमाणपत्र ती पुन्हा जोडू शकणार नाही.

निष्कर्ष :

1. मिरजेतील तंतुवाद्य निर्मिती हा 1818 नंतरच्या राजकीय परिवर्तनातून घडलेल्या व्यवसायांतराचा फलदायी नमुना आहे.
2. शिकलगारी व जवारी यांत हस्तकौशल्याचे सातत्य आढळते. कारागिरांनी जुने कसब टाकून दिले नाही, तर त्याला नवे क्षेत्र दिले.
3. गायकांच्या अपेक्षा आणि कारागिरांचे कसब यांच्या परस्परसंवादातून तानपुऱ्याचे आजचे नादरूप सिद्ध झाले आहे. म्हणून संगीताच्या इतिहासात कारागिराला सहनिर्मात्याचे स्थान देणे आवश्यक आहे.
4. जवारी काढण्याच्या प्रक्रियेचे ध्वनी-चित्र मुद्रण, ज्येष्ठ कारागिरांच्या मौखिक इतिहासाचे संकलन आणि संगीत महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात वाद्य निर्मितीचा समावेश या गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात.
5. मानांकनाचा लाभ दुकानदारीपुरता न राहता प्रत्यक्ष घडविणाऱ्या हातांपर्यंत व भोपळा पिकविणाऱ्या शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला पाहिजे.

मैफलीच्या आरंभी साथीदारांची नावे घेण्याची प्रथा आहे. तानपुऱ्यावर साथ करणाऱ्या शिष्यांचाही त्यात उल्लेख होतो. त्याच ओघात तो तानपुरा घडविणाऱ्याचे नाव घेतले गेले, तर इतिहासात राहिलेली एक त्रुटी व्यासपीठावरूनच दूर होऊ लागेल.