खाजनाची गावकी

खाजन म्हणजे खाडीला बांध घालून तिच्याकडून मिळवलेली शेती. माझे आजोबा गोव्याच्या तिसवाडीतल्या एका गावकारीचे, म्हणजे गावची जमीन सामाईक राखणाऱ्या संस्थेचे, गावकार (सदस्य) होते आणि त्यांच्या बोलण्यात शेतापेक्षा बांधच जास्त असायचा. बांध फुटला की खारं पाणी एकट्याच्या नव्हे, सगळ्यांच्याच भाताला लागतं. म्हणून जमीनही गावाची आणि बांधाची राखणही गावाची.

या सगळ्याचा जीव मानशीत असतो. बांधाच्या तोंडाशी लाकडी झडपा. भरती चढली की पाण्याच्याच रेट्यानं त्या मिटतात, ओहोटी लागली की शेतातलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. आत कोरगूट भात पिके, खारटपणा सोसणारं. मानशीवर मासळीही मिळे, आणि ती धरण्याच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होई. शेतंही अशीच पावणीनं ठरावीक वर्षांसाठी कसायला दिली जात. उत्पन्नातून आधी सरकारचा वसूल आणि बांधाची डागडुजी भागवायची, उरलं ते गावकारांमध्ये जोण म्हणून वाटायचं. ही रीत पोर्तुगिजांच्या आधीची; त्यांनी 1526च्या फोरालात, म्हणजे सनदेत, ती फक्त नोंदवली.

मला या व्यवस्थेचा अभिमान आहे, तरी एक सांगितलंच पाहिजे: जोण पुरुष गावकारांचा. चिखलात वाकून लावणी करणाऱ्या बायांना त्यात वाटा नव्हता. 1964च्या कूळ कायद्यानं कसणाऱ्याला हक्क दिला, हे न्याय्यच झालं. पण बांध कुणी राखायचा, हा प्रश्न मागे राहिला, आणि कितीतरी खाजनांत आज भाताऐवजी कांदळवन उभं आहे.