बालकांच्या आरोग्यातील सामाजिक विषमता (महाराष्ट्र)

बालकांच्या आरोग्यातील सामाजिक विषमता : जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची वाढ, पोषण, आरोग्यविषयक सवयी आणि एकूण स्वास्थ्य यांत कुटुंबाची मिळकत, जात-जमात, आईचे शिक्षण, राहण्याची जागा व पालकांच्या कामाचे स्वरूप यांमुळे पडणारी तफावत. जन्मजात व्यंग किंवा आनुवंशिक आजार यांमुळे दोन मुलांत पडणारा फरक या संज्ञेत येत नाही. हात धुणे, दात घासणे, वेळच्या वेळी खाणे, पुरेशी झोप, खेळ, वेळेवर लसी या गोष्टींना व्यवहारात ‘सवयी’ म्हणतात. सवय म्हटले की ती लावणारी आई डोळ्यांपुढे येते आणि लागली नाही तर दोषही तिच्याच पदरी पडतो. महाराष्ट्रातील बालकुपोषणाविषयीचे बरेचसे सरकारी प्रबोधन याच समजुतीवर उभे राहिले. वस्तुस्थिती अशी, की यांतल्या बहुतेक सवयींना पाणी, वेळ आणि घरात एक मोकळे माणूस लागते.

ही गोष्ट राज्यात फार आधी ओळखली गेली होती. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालवाडीचे काम सुरू केले, तेव्हा दलित आणि आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीपर्यंत येईनात. मग शिक्षिकाच पाड्यावर गेल्या आणि तिथल्या अंगणात वर्ग भरू लागला. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे हाच पहिला पाठ असे. ‘अंगणवाडी’ हा शब्द या कामातून रूढ झाला. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबादच्या टेकडीवर गेले. स्वच्छतेची सवय लावायची तर पाणी आणि लावणारे हात दोन्ही आपणच न्यावे लागतात, हे या दोघींनी करून दाखवले. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या गावपातळीवरील केंद्रालाही अंगणवाडी हेच नाव मिळाले. नाव देशभर पसरले, तरी आंघोळीचे पाणी बहुतेक ठिकाणी सोबत गेले नाही.

विषमतेचे मोजमाप मुख्यतः राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून होते. पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील सर्वांत गरीब पाचव्या हिश्शातील कुटुंबांत पाच वर्षांखालची ४६ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. सर्वांत सधन हिश्शात हे प्रमाण २३ टक्के होते. महाराष्ट्रात खुजेपणा ३५.२, उंचीच्या मानाने कमी वजन (लुकडेपणा) २५.६ आणि वयाच्या मानाने कमी वजन ३६.१ टक्के आढळले. चौथ्या फेरीशी (२०१५–१६) ताडून पाहता हे आकडे जवळपास जागचे हललेले नाहीत. नंदुरबार जिल्ह्यात तर निम्म्याहून अधिक मुले कमी वजनाची होती. याच काळात संपूर्ण लसीकरण ५६.२ वरून ७३.५ टक्क्यांवर गेले, तर सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांतील रक्तक्षय ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांपर्यंत वाढला. ही दोन टोके एकत्र पाहावीत. लस महिन्यातून ठरल्या दिवशी गावात येते, टोचली की काम झाले. लोह मात्र रोजच्या ताटातून मिळावे लागते.

ताटाचा प्रश्न सहाव्या महिन्यानंतर सुरू होतो. तोवर केवळ आईचे दूध पुरते आणि याबाबत गरीब घर मागे असतेच असे नाही. बाटली आणि डब्यातले दूध ही पैसेवाल्या घरांचीही खोड आहे. उष्टावण झाल्यावर मात्र वाट फुटते. मुलाला दिवसातून तीन-चार वेळा मऊ, घट्टसर आणि चांगली स्निग्धता असलेले अन्न भरवावे लागते : तूप घातलेला वरणभात, नाचणीचे सत्त्व, खिमट, कुस्करलेले अंडे. प्रत्यक्षात बहुतेक घरांत वरणातली डाळ खाली राहते आणि मुलाला वरचे पाणी मिळते. सहा ते तेवीस महिने वयाच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणाऱ्यांचे प्रमाण राज्यात पाचव्या फेरीत अवघे ९ टक्के होते. एवढ्या खाली आलेल्या आकड्याचा दोष एकट्या गरिबीला देता येत नाही. सुखवस्तू घरांतही बाळाला काय भरवावे याविषयी गैरसमज भरपूर आहेत. फरक पडतो तो चूक सुधारण्याच्या सोयीत. सधन घरातील आईला बालरोगतज्ज्ञ महिन्याभरात सांगतो आणि सांगितलेले करायला तिच्याकडे वेळ असतो. मजुरीला जाणारी आई सकाळी चहात बुडवलेले बटर किंवा पाच रुपयांची बिस्किटाची पुडी थोरल्या मुलीच्या हाती देऊन निघते. त्या पुडीने भूक मरते, दात किडतात, आणि आठ वर्षांची थोरलीच धाकट्याची आई होते. तिचे स्वास्थ्य कोणत्याही तक्त्यात येत नाही.

तफावतीचे टोकाचे रूप म्हणजे बालमृत्यू. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी (१९९२) आणि मेळघाटातील धारणी व चिखलदरा हे तालुके (१९९३) येथील मृत्यूंनी हा विषय वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आणला. मेळघाटातील कोरकू समाजाबद्दल लिहिताना भूमका (पारंपरिक वैदू) आणि डंबा, म्हणजे पोट फुगलेल्या बाळाला तापल्या लोखंडाचे डाग देणे, यांचा उल्लेख हटकून होतो. प्रथा घातक आहे यात शंका नाही. पण पावसाळ्यात रस्ता बंद असताना हाकेच्या अंतरावर फक्त भूमकाच असतो, हे त्याच्याच शेजारी लिहायला हवे. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला, प्रसंगी इंजेक्शन द्यायला शिकवले. त्या प्रयोगात नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी उतरला आणि १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या गावांतल्या आयांचे शिक्षण वा उत्पन्न वाढलेले नव्हते. उपचार दारात आला होता. पुढे २००१ मधील ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने राज्यातील बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे दाखवले. विषमता मोजायची तर आधी मेलेले मूल कागदावर यावे लागते, हा वाद त्यानंतर बराच काळ चालला.

राज्याने उपाय केले नाहीत असे नाही. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले. दोन वर्षांखालील मुलांतील खुजेपणा २००५–०६ मध्ये सुमारे ३९ टक्के होता, तो २०१२ च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात सुमारे २३ टक्क्यांवर आला आणि देशभर त्याची चर्चा झाली. आदिवासी भागासाठी २०१५ मध्ये अमृत आहार योजना आली. तिच्यात गरोदर व स्तनदा मातांना रोज एक वेळचे गरम जेवण आणि नंतर मुलांना अंडी देण्याची तरतूद झाली. तीव्र कुपोषित मुलांसाठी गावात ग्राम बालविकास केंद्र आणि रुग्णालयात पोषण पुनर्वसन केंद्र असते. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की मूल ‘सॅम’ (तीव्र कुपोषित) ठरते. पुनर्वसन केंद्रात मुलाबरोबर आईने काही दिवस मुक्काम करावा अशी अपेक्षा असते. घरी दुसरी दोन मुले आणि शेतात निंदणी असेल, तर ती तिसऱ्या दिवशी निघून जाते आणि नोंद होते ‘पालकांचा नकार’. अंगणवाडीतील आहारासाठी प्रतिबालक रोज ८ रुपये हा दर २०१७ मध्ये ठरला. बाजारात तेव्हा एका अंड्याला किती पडत, हे ज्याने आठवडी बाजार केला आहे त्याला सांगायला नको.

मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत विषमतेचे रूप निराळे दिसते. दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर असतो, पण दहा बाय दहाच्या खोलीत मुलाला रांगायला जमीन नसते, पाणी ठरावीक तासालाच येते, आणि खेळाऐवजी हातात मोबाइल दिला जातो. त्याच शहरांच्या दुसऱ्या भागांत उलटे टोक वाढते आहे : राज्यातील पाच वर्षांखालील अतिवजनी मुलांचे प्रमाण चौथ्या ते पाचव्या फेरीदरम्यान १.९ वरून ४.१ टक्के झाले.

सर्वांत कमी पाहिला गेलेला गट ऊसतोड मजुरांच्या मुलांचा होय. बीडसह मराठवाडा व शेजारच्या जिल्ह्यांतून मजूर मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. नवरा-बायकोची जोडी ‘कोयता’ म्हणून मोजली जाते. बाई पहाटे फडावर जाते, तान्हे मूल सरीत किंवा पाचटावर निजते, मोठे कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) राहते. लसीसाठी किंवा तापासाठी एक दिवस मोडला तर खाडा पडतो आणि उचलीतून पैसे वळते होतात. साखरशाळा (कारखान्याजवळच्या हंगामी शाळा) व वसतिगृहे शाळेत जाणाऱ्या वयाच्या मुलांसाठी असतात. सहा वर्षांखालच्याची नोंद गावच्या अंगणवाडीत असते आणि त्याच्या वाट्याचा आहारही तिथेच येतो. गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलमध्ये संपतो. मे महिन्यात जन्मलेले मूल नोव्हेंबरात सहा महिन्यांचे होते, आणि त्याचे उष्टावण फडावर होते.